तायप्पासाठी रडणाऱ्यांना

‘जोगवा’ (2009) पाहून आमच्या सातारा-सांगलीकडील सुशिक्षित प्रेक्षक हळहळला. स्वतःला पुरुष मानणाऱ्या तायप्पाला देवीच्या नावाने लुगडे नेसावे लागते, हा अन्याय त्याला तत्काळ उमगला. मग स्वतःला पुरुष मानणाऱ्या कुणाला जन्मनोंदीपायी आयुष्यभर स्त्री म्हणून वावरावे लागते, तेव्हा तोच न्याय का लागू होऊ नये? तिथे मात्र ‘ही शहरी थेरं’ असा शेरा आमच्या स्टाफरूममध्येच ऐकू येतो.

शहरी? बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांनी 2017 मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती नाकारली गेली; प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अखेर शासनाने परवानगी दिली आणि 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. नोकरीही टिकली.

‘निसर्गात ढवळाढवळ नको’ म्हणणाऱ्यांनी आधी चष्मा उतरवावा, मग बोलावे.

ओळखीसाठी शस्त्रक्रियेची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या ‘नालसा’ निकालात बेकायदा ठरवली. ज्यांना ती हवी, त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया, संप्रेरक उपचार व समुपदेशन यांची सोय करण्याची जबाबदारी 2019 च्या कायद्याने शासनावर टाकली. सक्ती नको, अडवणूकही नको, इतके हे साधे आहे. मिरजेच्या वैद्यकपरंपरेचा अभिमान मिरवणाऱ्या आपण, निदान समुपदेशन आणि संप्रेरक उपचार तरी जिल्ह्यातच मिळावेत, अशी मागणी का करू नये? पडद्यावरच्या तायप्पासाठी रडायला तिकीट पुरते. गल्लीतल्या तायप्पासाठी शेजारधर्म लागतो.