परतणाऱ्या कामगाराला उपकार नकोत, हक्क हवा

परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्या भारतीयांबाबतचा आपला कायदा १९८३ चा आहे. त्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये एका विधेयकाचा मसुदा जाहीर केला आणि जनतेकडून सूचना मागवल्या. परदेशातून परतणाऱ्यांनी मायदेशी पुन्हा उभे राहण्याचा विषय या मसुद्यात आला आहे. बेचाळीस वर्षांनी का होईना, परतणारा माणूस सरकारच्या कागदावर आला, याची नोंद घेतली पाहिजे. परंतु कायद्यात एखाद्या गोष्टीचा उल्लेख असणे वेगळे आणि तिचा हक्क असणे वेगळे. किती रुपये, कोणत्या अधिकाऱ्याने, किती दिवसांत द्यायचे आणि न दिल्यास दाद कुठे मागायची, हे लिहिलेले नसेल तर तो उल्लेख म्हणजे केवळ शोभेचे वाक्य ठरते. आपल्या समाजाने अशी शोभेची वाक्ये पुष्कळ वाचली आहेत.

हा परतणारा माणूस कोण? पुणे-नगर रस्त्यावरच्या सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा या कारखानदारीच्या पट्ट्यात तो शोधावा लागत नाही. कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली वेल्डिंग, फिटिंग, वायरिंग शिकलेला पोरगा कायम होत नाही, म्हणून एजंटाला पैसे देऊन आखातात जातो. ते पैसे सावकाराचे तरी असतात, नाहीतर बायकोच्या अंगावरच्या डोरल्याचे. दोन वर्षांचा करार पुढे दहा-पंधरा वर्षे लांबत जातो. या काळात गावात दोन खोल्या पक्क्या होतात, बहिणीचे लग्न होते, मुले शिकतात. मग एक दिवस कंपनी बंद पडते, गुडघे साथ देत नाहीत किंवा इकाम्याचे नूतनीकरण होत नाही, आणि पंचेचाळिशीतला माणूस एक बॅग घेऊन परत येतो. त्याच कारखान्याच्या फाटकावर तो पुन्हा उभा राहतो तेव्हा ठेकेदाराला विशीतले पोरगे हवे असते.

वकील म्हणून अशा लोकांचे दोन प्रश्न माझ्यासमोर नेहमी येतात. राहिलेला पगार आणि ग्रॅच्युइटी मिळेल का? आणि धंदा सुरू करायला सरकार काही देते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबलचक आहे, पण उत्तर आहे. आखाती देशांच्या कामगार कायद्यांत सेवासमाप्तीच्या रकमेची तरतूद असते. मात्र देश सोडण्यापूर्वी तक्रार नोंदवलेली आणि कुणाच्या नावे मुखत्यारपत्र केलेले नसेल, तर इथे बसून दावा चालवणे फार कठीण जाते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे: महाराष्ट्रात 'परतलेला कामगार' म्हणून काहीही नाही.

मग आहे तरी काय? २००९ पासून भारतीय दूतावासांकडे 'भारतीय समुदाय कल्याण निधी' आहे. अडकलेल्या कामगाराचे तिकीट, तात्पुरता निवारा, कायदेशीर मदत, मृतदेह मायदेशी पाठवणे यासाठी तो वापरला जातो. हा निधी मुख्यतः दूतावासाच्या सेवांवर आकारलेल्या शुल्कातून उभा राहतो, म्हणजे त्यात कामगाराचाही पैसा आहे. दुसरी आहे प्रवासी भारतीय विमा योजना. दहावीपेक्षा कमी शिकलेला माणूस ठरावीक देशांत नोकरीला निघाला की त्याला हा विमा सक्तीचा आहे. २०१७ च्या सुधारणेनुसार दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ रुपये आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपये. दोन्ही व्यवस्था उपयोगाच्या आहेत. पण त्या मुंबईच्या विमानतळापर्यंत येऊन थांबतात. मेलेल्याला विमा आहे, अडकलेल्याला तिकीट आहे. हातीपायी धड परतलेल्याला काहीच नाही.

एकदा प्रयत्न झाला होता. २०१२ मध्ये 'महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना' आली. कमी शिकलेल्या कामगाराने वर्षाला थोडी बचत करायची आणि सरकारने त्यात भर घालायची: पेन्शनसाठी पुरुषाला १ हजार, स्त्रीला २ हजार, आणि परतल्यावर पुन्हा बस्तान बसवण्यासाठी वर्षाला ९०० रुपये. कल्पना योग्य होती. परंतु ही योजना ऐच्छिक ठेवली, रक्कम तुटपुंजी ठेवली आणि वाळवंटातल्या लेबर कॅम्पपर्यंत ती कुणी पोहोचवली नाही. सभासद मिळत नाहीत म्हणून २०१७ मध्ये ती गुंडाळली. ज्या खिडकीवर विम्याचा हप्ता सक्तीने घेता येतो, त्याच खिडकीवर हे खातेही सक्तीने उघडता आले असते. योजना कामगाराच्या अडाणीपणाने मेली नाही, ती सरकारच्या अनिच्छेने मेली.

सरकारला परतणाऱ्यांसाठी योजना करता येत नाही, असे मात्र कुणी समजू नये. परदेशातील भारतीय शास्त्रज्ञांनी परत यावे म्हणून रामलिंगस्वामी आणि रामानुजन यांच्या नावाच्या फेलोशिप आहेत; त्यांत दरमहा मानधन मिळते आणि संशोधनासाठी वेगळे अनुदानही. आयकर कायद्यात दीर्घकाळाने परतणाऱ्याला काही काळ परदेशी उत्पन्नावरील करातून मोकळीक आहे. घरसामान आणणाऱ्याला सीमाशुल्कात सवलत आहे. शास्त्रज्ञ परत यावेत, हे आम्हालाही हवे आहे. आमचा प्रश्न एवढाच की, प्रयोगशाळेतून परतणाऱ्याची घडी बसायला वेळ आणि पैसा लागतो, हे ज्या राज्यकर्त्यांना कळते, त्यांना बांधकामाच्या परातीवरून परतणाऱ्याचीही घडी असते, हे का कळू नये? ज्याच्याकडे परदेशी ठेवीच नाहीत, त्याला करमाफीचा काय उपयोग?

कोरोनाने हे सारे उघडे पाडले. मे २०२० पासून 'वंदे भारत' मोहिमेत विमाने सुटली, पण बहुतेकांनी तिकिटाचे पैसे स्वतःच भरले. हजारोंचे पगार तिकडेच बुडाले. केंद्राने त्याच वर्षी 'स्वदेस' नावाने परतलेल्यांच्या कौशल्याची नोंदणी सुरू केली. नाव, गाव, हातातले काम भरून घ्यायचे आणि ती यादी कंपन्यांपुढे ठेवायची. याद्या करण्यात आपली नोकरशाही तरबेज आहे. यादीतले नाव चुलीपर्यंत पोहोचत नाही.

केरळने त्या वेळी परतून अडकलेल्या आपल्या प्रवाशांना ५ हजार रुपये दिले. रक्कम लहान होती, पण ती देण्यासाठी लागणारी यंत्रणा तिथे आधीच तयार होती. केरळने १९९६ मध्ये अनिवासी केरळीयांसाठी वेगळा सरकारी विभाग काढला, 'नोर्का'. २००८ मध्ये प्रवाशांच्या कल्याणाचा कायदा केला. त्या कायद्याने झालेल्या मंडळात वर्गणी भरणाऱ्याला साठीनंतर पेन्शन मिळते. किमान दोन वर्षे परदेशात राबून कायमचा परतलेला माणूस दुकान, गोठा, वर्कशॉप काढणार असेल तर ३० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला १५ टक्के, जास्तीत जास्त ३ लाख रुपये अनुदान आणि पहिली चार वर्षे व्याजात ३ टक्के सवलत आहे. 'सांत्वना' योजनेत गरीब परतकऱ्याला आजारपणासाठी ५० हजारांपर्यंत आणि मृत्यूनंतर कुटुंबाला १ लाखापर्यंत मदत आहे. तिथेही बँका अडवणूक करतात, अर्ज पडून राहतात. पण अर्ज करायला एक दार तरी आहे.

महाराष्ट्राला हे परवडणार नाही, असे म्हणण्याची सोय नाही. परदेशातून येणाऱ्या पैशाबाबत रिझर्व्ह बँकेने केलेल्या २०२३-२४ च्या पाहणीत महाराष्ट्राचा वाटा देशात सर्वाधिक, २०.५ टक्के होता, केरळचा १९.७ टक्के. यात मुंबईतल्या उच्चवर्गीय नोकरदारांचा पैसा मोठा असणार, हे मान्य. म्हणून या राज्यातल्या वेल्डरचा आणि घरकामाला गेलेल्या बाईचा पैसा नाहीसा होत नाही. शिवाय आता राज्य सरकार स्वतःच तरुणांना पाठवायला निघाले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार करून सुरुवातीला १० हजार कुशल तरुण पाठवण्याचे जाहीर झाले. जाण्याची जाहिरात सरकारची आणि परतीची जबाबदारी ज्याची त्याची, हा कुठला न्याय?

कुणी म्हणेल, सरकारने कुणाकुणाला पैसे वाटायचे? त्यांनी १९९० आठवावे. इराकने कुवेत गिळले तेव्हा एअर इंडियाने १ लाख ७० हजारांवर भारतीयांना परत आणले. हे लोक अंगावरच्या कपड्यांनिशी आले होते. पुढे १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने नुकसानभरपाई आयोग नेमला आणि इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून निधी उभारला. देश सोडावा लागला एवढे सिद्ध करणाऱ्या एकट्या माणसाला अडीच हजार ते चार हजार डॉलर अशी ठरावीक रक्कम होती. भारतीय कामगारांनी दावे भरले. वर्षे गेली, पण पैसे आले. तिथे छापील अर्ज होता, ठरावीक रक्कम होती, ती देणारा निधी होता आणि नकाराचे कारण द्यावे लागत होते. 'मदत' हा शब्द 'दावा' झाला की पैसा येतो, हा या प्रकरणाचा धडा आहे.

आपल्या समाजातल्या परतकऱ्याची अडचण याहून एक पायरी खोल आहे. त्याला सांगितले जाते की, तुमच्यासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहेच की! तो जातो. उत्पन्नाचा दाखला मागतात, तो मागच्या वर्षाचा. मागच्या वर्षी तो परदेशात कमावत होता, म्हणून आज चूल थंड असूनही तो मर्यादेच्या बाहेर. रेशनकार्डावरचे नाव कमी झालेले. बँकेत जावे तर इथला कर्जाचा इतिहास नाही आणि जामीनदार नाही. अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज देणारी केंद्राची 'स्टँड अप इंडिया' योजना २०१६ मध्ये आली आणि तिची मुदत मार्च २०२५ अखेर संपली. म्हणजे जातीसाठीच्या योजनेत तो श्रीमंत ठरतो आणि बँकेत कंगाल. दोन्हीकडून दार बंद.

आणि नुसत्या पैशाने हा प्रश्न सुटत नाही, हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेलेले बाबासाहेब १९१७ मध्ये परतले. दहा वर्षे बडोदा संस्थानची चाकरी करण्याचा करार होता. म्हणजे नोकरी होती, पगार होता. नव्हते ते छप्पर. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात खोली मिळाली नाही. इंग्लंडमधले अपुरे शिक्षण पूर्ण करायला ते १९२० मध्ये पुन्हा निघाले, तेही सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर.

शंभर वर्षांनी काय बदलले? १ जानेवारी २०१८ रोजी जयस्तंभाला मानवंदना द्यायला आलेल्या जनतेवर हल्ला झाला, तेव्हा याच सणसवाडीत दुकाने आणि वाहने जळाली. आखातातल्या घामाचे पैसे घालून आपला माणूस रस्त्याकडेला गॅरेज टाकतो, तेव्हा त्याला कर्जाइतकीच त्या गॅरेजच्या संरक्षणाची हमी लागते. म्हणून पुनर्वसनाच्या कोणत्याही योजनेत धंद्याच्या जागेचा विमा आणि औद्योगिक क्षेत्रात गाळ्यांचे आरक्षण असलेच पाहिजे.

'हे लोक स्वतःच्या मर्जीने गेले, इथल्या शेतमजुराला काही मिळत नाही तर यांना का?' असेही विचारले जाते. शेतमजुरालाही मिळालेच पाहिजे. एकाचा हक्क नाकारून दुसऱ्याचे पोट भरत नाही. आणि मर्जी कसली? ज्याला गावात जमीन नाही आणि कारखान्यात कायम नोकरी नाही, त्याच्या जाण्याला मर्जी म्हणणे म्हणजे क्रूर थट्टा आहे. फिलिपिन्ससारखा देश प्रत्येक करारामागे २५ डॉलर वर्गणी घेऊन कामगारांचा निधी चालवतो आणि परतणाऱ्याला धंद्यासाठी हातभार लावतो. ही वर्गणी मालकाकडून घेण्याचा तिथे नियम आहे. आपल्यालाही हे अशक्य नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. नव्या केंद्रीय कायद्यात परतीनंतरच्या मदतीची रक्कम, मुदत आणि अपिलाची तरतूद असावी. जाण्याच्या परवानगीबरोबरच परतीचे बचत खाते उघडावे आणि त्यात परदेशी मालक व सरकार दोघांनी भर घालावी. राज्याने केरळच्या धर्तीवर कायद्याने मंडळ स्थापन करावे. त्यात अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि महिलांचा वाटा ठरवून द्यावा. परतल्यापासून दोन वर्षे उत्पन्नाचा दाखला चालू परिस्थितीवर द्यावा, आणि थकीत पगाराच्या दाव्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्वतंत्र कक्ष असावा.

हे होईपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करू या. परदेशी निघालेल्या प्रत्येक तरुणाला विहारात बसवून सांगा की, एजंटाला कायद्याने ३० हजार रुपये आणि त्यावरील करापेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. पावतीशिवाय पैसा देऊ नकोस. करारनामा, पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे जपून ठेव. पगार थकला तर 'मदद' पोर्टलवर आणि दूतावासात लेखी तक्रार कर. निघण्यापूर्वी मुखत्यारपत्र केल्याशिवाय विमानात पाय ठेवू नकोस. आणि परतलेल्यांची गावनिहाय नोंद आपणच करू या. पुढच्या ग्रामसभेत, आमदाराच्या दारात, कोर्टात उभे राहायचे तर आपल्याकडे आकडा हवा. याद्या सरकारही करते. आपली यादी दावा दाखल करण्यासाठी असेल.