पिछाडी कुणाची?

सर्व्हे खोटा नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की हा हरलेल्याच्या बाजूनं रडगाणं गातोय. २०२० साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात निवडणुकीआधीच्या जनमत चाचण्या सांगत होत्या की विद्यमान सिनेटर डग जोन्स मागे आहे. बऱ्याच चाचण्यांत दहा टक्क्यांहून जास्त मागे. ३ नोव्हेंबरला मतदान झालं आणि तो वीस टक्क्यांनी पडला. टॉमी ट्युबरविल साठ, जोन्स चाळीस. सर्व्हेवाल्यांनी उलट कमीच सांगितलं होतं.

माझं भांडण आकड्याशी नाही. आकड्याचा अर्थ लावणाऱ्यांशी आहे.

अर्थ काय लावला? म्हणे जोन्स माणूस चांगला, पण राज्याच्या मानानं जरा जास्तच डावा. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टासाठी आलेल्या कॅव्हानॉच्या विरोधात मत दिलं. फेब्रुवारी २०२० मध्ये महाभियोगात ट्रम्पला दोषी ठरवलं. थोडं सबुरीनं घेतलं असतं, थोडी मान तुकवली असती, तर वाचला असता. हे तिकडचे पंडित बोलले आणि इकडं आमचे शिकले-सवरलेले, बँकेत-सेक्रेटरिएटात चिकटलेले दोस्त तेच पोपटासारखं बोलले. एकानं मला तोंडावर ऐकवलं, "अरे, नुसतं खरं बोलून भागत नाही. इलेक्टिव्ह मेरिट लागतं."

इलेक्टिव्ह मेरिट! तिकीटवाटपाच्या बैठकीत हाच शब्द आपल्या पोरांच्या थोबाडावर मारतात. तू लायक आहेस बाबा, पण खुल्या जागेवर तुझ्यात इलेक्टिव्ह मेरिट नाही. या शब्दाची साल काढायची म्हणून मी अलाबामाचं प्रकरण घेतलंय. इथलं घेतलं असतं तर चार जण म्हणाले असते, जातीवर नेऊ नका. तिथं तरी डोळे उघडे ठेवून बघा.

आधी जोन्स कोण ते बघा. १५ सप्टेंबर १९६३, रविवारची सकाळ. बर्मिंगहॅम शहरातल्या काळ्यांच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चात कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी डायनामाइट लावला. चार पोरी मेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, चौथी अकरा. १९६५ पर्यंत एफबीआयला संशयितांची नावं माहीत होती. हूव्हरनं खटला पुढं सरकू दिला नाही. फाईल बंद. पहिला आरोपी दोषी ठरला १९७७ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी. तो खटला बघायला जोन्स नावाचा एक गोरा लॉ स्टुडंट कॉलेज बुडवून कोर्टात बसायचा. पोलाद कारखान्यातल्या कामगाराचा पोरगा. पुढं तो सरकारी वकील झाला आणि त्यानं उरलेल्यांतले दोघे आत घातले. ब्लँटन २००१ मध्ये, चेरी २००२ मध्ये. चौथा तोवर मरून गेला होता, आरोपाशिवाय, बिछान्यात.

अडतीस-एकोणचाळीस वर्षांनी मिळालेला न्याय! तरीही तो माणूस काळ्यांच्या वस्तीत मत मागायला गेला तर लोक दार उघडणारच.

१२ डिसेंबर २०१७ ला सिनेटच्या एका जागेची पोटनिवडणूक झाली. समोर रॉय मूर. राज्याच्या सरन्यायाधीशपदावरून एकदा हाकललेला, दुसऱ्यांदा निलंबित झालेला. वर अल्पवयीन मुलींशी गैरवर्तनाचे आरोप. ते त्यानं नाकारले. जोन्स जिंकला. किती मतांनी? बावीस हजारांच्या आत. एक्झिट पोलप्रमाणे काळ्या मतदारांपैकी शंभरातल्या शहाण्णवांनी जोन्सला मत दिलं. आणि गोऱ्यांपैकी? अडुसष्ट टक्के मूरच्याच मागं. आरोप माहीत असून. सगळ्या टीव्हीवर ऐकून. बरेच गोरे त्या दिवशी घरी बसले, आणि बावीस हजारांच्या वर मतदारांनी मतपत्रिकेवर भलतंच नाव लिहून हात झटकले. त्या फटीतून जोन्स आत शिरला. त्याचं सगळं बहुमत त्या फटीएवढं.

आता २०२०. समोर फुटबॉल टीमचा एक माजी कोच. आधी कधी कुठल्या राजकीय पदावर नाही. जोन्सशी एकदाही समोरासमोर वादविवाद केला नाही. पैसा जोन्सकडं जास्त होता, काम जोन्सचं दिसत होतं. वर्णद्वेषी खुनांच्या जुन्या, न उलगडलेल्या फायली उघड करण्याचा कायदा त्यानं आणला, २०१९ मध्ये त्यावर सही झाली. काळ्यांची जुनी कॉलेजं आणि तशाच इतर संस्थांना दरसाल साडेपंचवीस कोटी डॉलरचा निधी कायम करणाऱ्या कायद्यामागं तो उभा राहिला. कोच काय म्हणत होता? मी ट्रम्पचा माणूस. बास. अलाबामाच्या मतपत्रिकेवर पक्षापुढं एकच खूण केली की सगळ्या पदांची मतं त्या पक्षाला पडतात. २०१७ ला एकच जागा होती, माणूस बघावा लागला. २०२० ला वर ट्रम्पचं नाव होतं, माणूस बघायची गरजच संपली.

निवडून आल्यावर काही दिवसांतच या कोचानं एका मुलाखतीत सरकारची तीन अंगं सांगितली : कनिष्ठ सभागृह, सिनेट आणि अध्यक्ष. न्यायपालिका गायब! आपल्याकडं सातवीतल्या पोरानं असं उत्तर लिहिलं तर मास्तर छडी मारतो, आणि पोरगं आपल्यातलं असेल तर वर 'सवलतीचे हे' म्हणून टोमणा. तिथं तो सिनेटर झाला. सांगा आता मेरिट कशाला म्हणतात.

मित्र म्हणतो, मान तुकवली असती तर? घ्या, हेही तपासू. त्याच २०१८ मध्ये शेजारच्या टेनेसीत फिल ब्रेडेसन सिनेटला उभा होता. माजी गव्हर्नर, मवाळ, सगळ्यांना गोड. त्यानं जाहीर केलं की मी कॅव्हानॉच्या बाजूनं मत दिलं असतं. तुकवली मान. दहा टक्क्यांहून जास्त फरकानं पडला. वेस्ट व्हर्जिनियाच्या जो मँचिननं कॅव्हानॉला मत दिलं आणि तो वाचला, हे मी लपवत नाही. तीन टक्क्यांनी वाचला. २०२४ ला तो उभाच राहिला नाही, आणि ती जागा धाडकन रिपब्लिकनांकडं गेली. म्हणजे मान तुकवून मिळालं काय? एक टर्म. आणि अलाबामात ती तुकवायची कुणाच्या जिवावर? ज्या शहाण्णव टक्क्यांनी त्याला खांद्यावर घेतलं त्यांच्याच खांद्यावर पाय देऊन. तरी गोरा मतदार आला नसता. कारण तो धोरणावर रुसलेला नव्हताच. तो आपल्या घरी परत गेला होता.

आता मुळाशी या. अलाबामात काळे आज साधारण पाव हिस्सा, थोडे जास्त. पंडित म्हणतात, पाव हिश्श्यावर राज्य कसं जिंकणार? जणू हा पाव हिस्सा आभाळातून पडला. १९०० साली त्या राज्यात शंभरात पंचेचाळीस माणसं काळी होती. १९०१ मध्ये नवी राज्यघटना लिहायला परिषद बसली. अध्यक्ष जॉन नॉक्स उघड बोलला की संघराज्याच्या घटनेच्या मर्यादेत राहून या राज्यात गोऱ्यांचं वर्चस्व स्थापन करायचंय. लाजला नाही, लपवलं नाही. वर्षाला दीड डॉलर मतकर, थकला की साचत जाणारा. वाचता येतं का याची परीक्षा, घेणारा गोरा. नाही तर चाळीस एकर जमीन दाखवा. शिवाय 'नैतिक अधःपतना'चा गुन्हा केलेल्याचं मत बाद. नैतिक अधःपतन म्हणजे काय, हे ठरवणारेही तेच. परिणाम? मताला पात्र काळे पुरुष एक लाख ऐंशी हजारांच्या वर, आणि १९०३ मध्ये यादीत उरले तीन हजारांच्या आत.

मत नाही, जमीन नाही, झाडाला लटकवलं तर दाद नाही. लोक गाठोडी बांधून शिकागोला, डेट्रॉइटला निघून गेले. पंचेचाळीसचे पंचवीस-सत्तावीस असे झाले. १९६५ ला मताचा कायदा आला तोवर मैदान रिकामं करून झालं होतं. २०२२ मध्ये त्यांनी घटनेतली वर्णद्वेषी भाषा धुऊन काढली. भाषा! घर जाळलं आणि एकशे वीस वर्षांनी पाटी बदलली. मधल्या काळात २०१३ मध्ये शेल्बी काउंटीच्या, म्हणजे अलाबामाच्याच, खटल्यात सुप्रीम कोर्टानं त्या मताच्या कायद्याचा कणा मोडला. लगेच फोटो ओळखपत्राची सक्ती लागू. २०१५ मध्ये ड्रायव्हिंग लायसन्स देणारी एकतीस ऑफिसं बंद. आरडाओरडा झाल्यावर थोडी माघार.

आणि मग सर्व्हेवाला फोन करून विचारतो, कुणाला मत देणार? जे निघून गेले त्यांना फोन जात नाही. जे यादीतून पुसले गेले त्यांना जात नाही. उरलेल्यांची बेरीज करून तो सांगतो, सिनेटर मागे आहे. बेरीज बरोबर. पण पिछाडी सिनेटरची नाही. ती एकशे वीस वर्षांपूर्वी ठरवून केलेल्या लुटीची आहे. सर्व्हे तिचा फक्त उतारा काढून देतो, तलाठ्यासारखा.

आता मला कुणी विचारेल, तुला काय पडलंय अलाबामाचं? पडलंय. त्या राज्यात लाउंड्स नावाची काउंटी आहे. काळ्या मातीच्या, कापसाच्या पट्ट्यातली. १९६५ च्या सुरुवातीला तिथं पाचांतली चार माणसं काळी आणि मतदार यादीत एकही काळा नाही. एकही! ज्यांनी नाव नोंदवायची हिंमत केली त्यांना गोऱ्या मालकांनी जमिनीवरून हाकललं. ती कुटुंबं हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकून राहिली. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायला नको. तिथं जॉन ह्युलेट आणि स्टोकली कार्मायकेल यांच्यासारख्यांनी लोकांचा स्वतःचा पक्ष काढला. अक्षरओळख नसलेल्यांसाठी मतपत्रिकेवर पक्षाचं चित्र लागायचं, आपल्यासारखंच. राज्यातल्या डेमोक्रॅटांचं चित्र होतं पांढरा कोंबडा आणि भोवती गोऱ्या वर्चस्वाची घोषणा. लाउंड्सच्या लोकांनी चित्र घेतलं काळ्या पँथरचं. तो पँथर १९६६ मध्ये ओकलंडला गेला, आणि १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी त्याचं नाव घेतलं. समजलं? आपल्या चळवळीच्या नावाची नाळ त्या मतपत्रिकेत पुरलीय.

नोव्हेंबर १९६६ मध्ये ते सगळ्या जागा हरले. तेव्हा कुणी सर्व्हे घेतला असता तर म्हणाला असता, इलेक्टिव्ह मेरिट शून्य. ते घरी गेले नाहीत. नावं नोंदवत राहिले. १९७० मध्ये ह्युलेट त्याच काउंटीचा शेरीफ झाला.

पण मी भाबडं चित्र रंगवणार नाही. शेरीफ आपला झाला म्हणून गटार झालं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये, जोन्सची निवडणूक ऐन भरात असताना, संयुक्त राष्ट्रसंघाचा गरिबीवरचा प्रतिनिधी फिलिप अॅल्स्टन त्याच काळ्या मातीच्या पट्ट्यात घरामागं उघड्यावर साचलेला मैला बघत हिंडत होता. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात! २०२३ मध्ये केंद्राच्या न्याय खात्यानं लाउंड्सच्या सांडपाण्याबद्दल राज्याशी करार केला. २०२५ मध्ये नव्या सरकारनं तो मोडला. जोन्स असता तर संसदेत ओरडला असता एवढंच. तीन वर्षांचा एक सिनेटर किती खड्डे बुजवणार?

म्हणून मी जोन्ससाठी रडत नाही. तो भला माणूस, त्याचं त्यानं केलं. पण भला गोरा माणूस खांद्यावर घेऊन नाचणं हा काळ्यांचा छंद नव्हता, मजबुरी होती. आजवर अलाबामातून एकही काळा माणूस सिनेटमध्ये गेलेला नाही. स्वतःचा माणूस पाठवता येत नाही म्हणून दुसऱ्याचा त्यातल्या त्यात बरा माणूस पाठवायचा, आणि त्याच्या जातभाईंचा मूड फिरला की त्याच्यासकट आपणही आपटायचं. या खेळात पिछाडी नेहमी खांदा देणाऱ्याच्याच वाट्याला येते.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या निवडणुकीत कुणी सर्व्हेचा कागद नाकासमोर नाचवला तर आकड्यावर हुज्जत घालू नका. एवढंच विचारा : या यादीत कोण नाही? ऊसतोडीला गेलेला नाही? पुलाखाली राहणारी नाही? गावानं हाकललेलं घर नाही? ती नावं वहीत लिहा आणि तहसीलला धडका मारा. इलेक्टिव्ह मेरिटचं भाषण देणाऱ्या मित्रालाही सोबत न्या. फॉर्म भरायला शिकलेला माणूस लागतोच.