'रणांगण'चा शेवट आणि आजीचा प्रश्न

परवा रात्री 'रणांगण' पुन्हा वाचलं. (ज्यांनी वाचलं नाही त्यांनी इथेच थांबा, शेवट सांगून टाकणार आहे!) विश्राम बेडेकरांचं १९३९ सालचं हे पुस्तक तसं छोटंसंच. कॉलेजात असताना, हॅर्टाने समुद्रात जीव दिल्याचं कळतं तिथे मी ढसाढसा रडले होते आणि हिटलरला शिव्या घातल्या होत्या. या खेपेला रडू आलं नाही. राग आला, तोही चक्रधरचा.

युरोपातून निघालेली बोट, त्यावर जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू. चक्रधर मुंबईला उतरतो. त्यांना मात्र उतरता येत नाही, बोट त्यांना घेऊन पूर्वेकडे जाते. हे नुसतं कादंबरीतलं नव्हे. त्याच साली 'सेंट लुईस' बोटीवरच्या नऊशेहून जास्त ज्यूंना आधी क्यूबाने आणि मग अमेरिकेने परतवलं होतं. पण शांघायला तेव्हा व्हिसा लागत नसे. हजारो ज्यू तिथे पोचले, हालात राहिले, पण बहुतेक जगले. म्हणजे हॅर्टापुढेही एक वाट होतीच. मग तिला मारलं ते नुसत्या युद्धाने, असं कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी आजी सुकट निवडत बसली होती, तिला सगळी गोष्ट सांगितली. तिने एकच विचारलं, "मग तो परत बोटीत का नाय चढला?"

मी उमाचं सांगितलं. तिने दगा दिला, म्हणून त्याचा प्रेमावर विश्वास उरला नाही वगैरे.

"म्हंजे एकीचा राग दुसरीवर," आजी म्हणाली आणि सुकट पाखडायला लागली.

इतकी वर्षं मी उमाच्या दुःखाला केवढा मान दिला होता! खरं तर बेडेकरांनीही त्याला सोडलेलं नाही. सगळी गोष्ट त्याच्याच तोंडून वदवली आहे, त्याला कुठे लपायला जागाच नाही. म्हणून हा शेवट बदलावा असं मला वाटत नाही. 'नियती' म्हणून तो गुंडाळून ठेवू नये, एवढंच.

दादाला हे पटलेलं नाही. "घरदार सोडून कुठे जाणार होता तो?" असं त्याचं म्हणणं. काल रात्री जेवताना आमचं बरंच वाजलं. बाहेर जासईच्या रस्त्यावरून नेहमीसारखे बंदराकडे ट्रेलर चाललेले, त्यामुळे दोघांचाही आवाज चढलेला.

आजीला आमच्या वादाशी देणंघेणं नाही. बोटीवरच्या त्या लहानग्या लुईचं पुढे काय झालं, ते ती सकाळपासून दोनदा विचारून गेली आहे.