माळही हवी, गोळीही हवी

आई रोज तिन्हीसांजेला दिवा लावून हरिपाठ म्हणते. हातात तुळशीची माळ, पाठ भिंतीला टेकलेली, आवाज संथ. तेवढ्या वेळात तिचा दिवसभराचा शीण उतरलेला मला दिसतो.

हा नुसता भास नाही. इटलीच्या लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांवर केलेला अभ्यास २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. मंत्र किंवा ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर होते, असं त्यात दिसलं.

पण गेल्या आषाढात आईने ‘माउली आहे ना!’ म्हणत रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली. तिसऱ्या आठवड्यात ओट्याशी भोवळ येऊन ती खाली बसली. यंत्रावर आकडा होता १९०. त्या रात्री मी तिचा हात सोडला नाही.

जप मनाला आधार देतो. औषधाची जागा घेत नाही. हे कीर्तनकारांनी कीर्तनात सांगावं आणि डॉक्टरांनीही रुग्णाच्या श्रद्धेची आस्थेने विचारपूस करावी. आमच्याकडे आता गोळ्यांची डबी देवघरात, माळेशेजारीच असते. आधी गोळी, मग हरिपाठ.