सुट्या मालाला वाली कोण?

गरीब कष्टकऱ्याच्या चुलीवर जें शिजतें त्याला नांव नसतें, गांव नसतें, तारीख नसते. आठवड्याच्या बाजारांत बाटलींत ओतून घेतलेलें पावकिलो तेल आणि कागदाच्या पुडींत बांधलेली हळद! तें तेल कोणत्या गिरणीचें, ती हळद कोणत्या चक्कीची, हें विकणारालाही ठाऊक नसतें. श्रीमंताघरचा डबा मोहोरबंद असतो. माल बिघडला तर जाब कोणाला विचारावा हें डब्यावरच छापलेलें असतें. आमची पुडी मात्र बेवारस!

कायदा नाहीं असें कोणी म्हणूं नये. १९५४ सालीं भेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या जागीं २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला व ५ ऑगस्ट २०११ पासून तो अमलांत आहे. अधिकाऱ्यानें दुकानांत जावें, किंमत देऊन नमुना घ्यावा, त्याचे चार भाग करून मोहोर लावावी, एक भाग विश्लेषकाकडे धाडावा व त्यानें १४ दिवसांत अहवाल द्यावा, असें त्यांत लिहिलें आहे. राज्य सरकारनें सूट दिल्यावांचून सुटें खाद्यतेल विकूं नये, असाही नियम आहे. कागद तर सोन्याचा आहे! पण १४ दिवस म्हणजे आमचे दोन बाजार. तोंवर तेल पोटांत, पैसा गल्ल्यांत आणि पाल दुसऱ्या गांवीं!

दिवाळी आली कीं खव्या-मिठाईवर छापे पडतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रें येतात. बरें आहे. पण गरिबाच्या तोंडीं पेढा वर्षांतून एकदां, तेल-तिखट रोज दोन वेळां. मग रोजच्या विषाची झडती कोणत्या सणाला घ्यायची, हें आम्ही अन्न व औषध प्रशासनाला विचारतों.

विष हा शब्द भारी वाटतो काय? १९९८ सालीं दिल्लींत मोहरीच्या तेलांत पिवळ्या धोत्र्याचें तेल मिसळलें गेलें. माणसांचे पाय सुजले, हृदयें थकलीं, साठांहून अधिक जीव गेले. तोच काटेरी धोत्रा आमच्याही बांधावर फुलतो आणि त्याचें बीं मोहरीसारखेंच बारीक व काळें असतें. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिला शिशाचा रंग, लेड क्रोमेट, फासणारे आहेत. आणि शिसें लहान मुलांच्या मेंदूला मारक आहे. सांगली-हिंगोलीच्या रानांत हळद आमच्या शेतकऱ्यानें पिकवावी आणि रंग फासलेली भुकटी त्याच्याच लेकरानें खावी, हा कुठला न्याय?

कोणी शहाणे म्हणतील, "सुटा माल बंदच करा." ज्याची मजुरी संध्याकाळीं हातीं पडते तो मोठा डबा कशानें घेणार? कोणी म्हणतील, "पालवालीला धरा." तिला धरून काय मिळणार? ती ठोक व्यापाऱ्याकडून पोतें आणते. कायदा सांगतो कीं, ठोक विकणारानें किरकोळ विकणाराला मालाच्या गुणाची लेखी हमी द्यावी, आणि बिल हीच हमी समजावी. जो शेटजी बिल द्यायला टाळतो, तो तें उगाच टाळीत नाहीं. बिल दिलें कीं भेसळीचें खापर त्याच्या माथीं फुटतें!

म्हणून आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. तपासणी आठवड्याच्या बाजारांत, सुट्या मालाची, बारा महिने व्हावी. नमुना नापास झाला तर पालाशीं न थांबतां ठोक व्यापाऱ्याच्या कोठारापर्यंत जावें. आणि अहवाल साहेबांच्या कपाटांत न ठेवतां ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा.

आतां दोन शब्द आमच्याच माणसांना. बांधवांनो, याच कायद्याच्या ४० व्या कलमानें गिऱ्हाइकालाही माल तपासून घेण्याचा हक्क दिला आहे. माल घेतांनाच "आम्ही हा तपासून घेणार आहों" असें दुकानदाराला सांगावें, फी भरून विश्लेषकाचा अहवाल घ्यावा. माल खोटा निघाला तर फी परत मिळते. एकट्या मजुराचा यांत रोज बुडतो, हें आम्ही जाणतों. पण दहा घरांनीं वर्गणी केली, बचत गटाच्या बायांनीं मनावर घेतलें, तर काय अवघड आहे? आणि पाल मांडणाऱ्या आमच्या भावाबहिणींनीं बिलावांचून पोतें उचलूं नये.

बैल घेतांना तुम्ही दांत पाहतां, चालवून पाहतां. बीं घेतांना उगवण पाहतां. मग लेकराच्या ताटांतलें तेलच तेवढें डोळे मिटून कां घेतां?