हक्काच्या मजुरीची किंमत

भिलाईच्या खाजगी कारखान्यांतील कंत्राटी कामगारांची मागणी मोठी नव्हती. कायद्याने ठरविलेले वेतन आणि नोकरीची शाश्वती, एवढेच. कायदा होता; तो पाळला जातो की नाही हे पाहणारे सरकारी अधिकारीही होते. असा अधिकारी डोळेझाक करतो, मग ती लाच घेऊन असो वा भीतीपोटी, तेव्हा मजुराची मजुरीच चोरीस जाते. ही मागणी लावून धरणारे शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी झोपेतच हत्या झाली. सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये उद्योगपतींसह सहा जणांना दोषी ठरविले. उच्च न्यायालयाने पुढील वर्षी सर्वांना सोडले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकट्या मारेकऱ्याला जन्मठेप दिली. तेरा वर्षांहून अधिक काळ! तेवढ्यात कामगाराचे लेकरू त्याच कारखान्याच्या दारात काम मागायला उभे राहते.