आधी परांच्या बघा, कळस नंतर

युरोपात फिरायला आलेल्या आपल्या मंडळींची एक ठरलेली तक्रार असते. "एवढ्या लांबून आलो आणि नेमकं काम चालू!" म्हणजे इमारतीला परांच्या बांधलेल्या, आणि फोटोची वाट लागलेली. माझं मत बरोब्बर उलट आहे. कोलोनचं कॅथेड्रल बघायला जाल तेव्हा आधी त्या परांच्या बघा.

यंदा आई-बाबा जर्मनीत आले होते तेव्हा आम्ही चौघं गेलो होतो. रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की हे १५७ मीटरचं काळंकभिन्न धूड एकदम अंगावर येतं. आईने मान वर करकरून बघितलं आणि विचारलं, "अजून बांधतायत होय रे?" बाबा आयुष्यभर सिव्हिल इंजिनियर. ते म्हणाले, "अगं, दुरुस्ती असेल."

खरं तर दोघांचंही बरोबर होतं!

काम सुरू झालं १२४८ साली. सोळाव्या शतकात पैसा आटला आणि काम थांबलं. दक्षिणेकडच्या अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच उभी राहिली, तीनशेहून जास्त वर्षं! मग १८१४ आणि १८१६ मध्ये दर्शनी भागाच्या मूळ नकाशाचे हरवलेले दोन तुकडे सापडले, १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि १८८० मध्ये संपलं. एकूण ६३२ वर्षं. (डॉक्युमेंटेशनचा कंटाळा करणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.)

पण 'संपलं' म्हणजे काय? १९४३ मध्ये बॉम्बने उत्तर मनोऱ्याला मोठं भगदाड पाडलं. मनोरा कोसळू नये म्हणून घाईघाईने हजारो विटा रचून ते बुजवलं. आमच्या भाषेत हॉटफिक्स. त्यावर दगडाचं नीट आवरण चढायला २००५ साल उजाडलं. युद्धात फुटलेल्या एका प्रचंड खिडकीत कितीतरी वर्षं साधी काच होती. २००७ मध्ये तिथे गेरहार्ड रिश्टरची ७२ रंगांची, ११ हजारांहून जास्त चौकोनी तुकड्यांची काच बसली. बाबा आणि मी ५३३ पायऱ्या चढून येईपर्यंत आई आणि बायको त्या रंगीत उजेडात निवांत बसून होत्या.

आजही कॅथेड्रलची स्वतःची कार्यशाळा आहे. पाथरवट, काचकाम करणारे, सुतार, लोहार, सगळे तिथे कायमचे कामाला. वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या खाणींतला दगड वापरला गेलाय आणि प्रत्येकाची झीज वेगळी. एक बाजू होईतो दुसरी आलेलीच असते. डोम ज्या दिवशी पूर्ण होईल त्या दिवशी जगबुडी येईल, असं कोलोनकर गमतीने म्हणतात.

तर सांगायचा मुद्दा असा, की आपल्याला बांधणाऱ्याचं कौतुक, सांभाळणाऱ्याचं नाही. मी चार वर्षं सपोर्ट प्रोजेक्टला आहे. वार्षिक समारंभात बक्षीस मिळतं नवं बनवणाऱ्याला. रात्री तीनला फोन येतो तो आम्हाला. देशातही तेच. पुलाच्या कोनशिलेवर मंत्र्यांचं नाव असतं, दर पावसाळ्याआधी त्याचे सांधे तपासणाऱ्याचं कुठेच नसतं. २०२५ मध्ये आपले किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, छाती फुगलीच. पण तटबंदीत उगवलेलं पिंपळाचं रोप कोण उपटणार?

"त्यांच्याकडे पैसा आहे हो," असं म्हणाल. पण १८४२ मध्ये लोकांनी या कामासाठी संस्था काढली आणि सभासदांच्या वर्गणीवर ती आजही चालते, देखभालीच्या खर्चाचा मोठा वाटा उचलते. म्हणजे श्रीमंतीपेक्षा सवयीचा भाग जास्त.

आणि ही सवय लावायला कोलोनला जायची गरज नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत दुरुस्ती फंड वाढवायचा विषय निघाला, की खिडकीबाहेर बघत बसू नका. हात वर करा.